रात्री इथे कोण झोपते?

18 डिसेंबर 2017च्या पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या एका गाळ्याला आग लागली आणि आत झोपलेले 12 कामगार मेले. 9 मे 2019च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाचीत साड्यांचे दुकान पेटले. आत 5 कामगार झोपले होते आणि दाराला बाहेरून कुलूप होते. 31 डिसेंबर 2023ला मध्यरात्र उलटल्यावर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्यात 6 कामगार गेले. 18 मे 2025ला सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. मालक, त्यांच्या घरचे आणि कामगार मिळून 8 जण त्यात गेले. गावे वेगळी, धंदे वेगळे. सारखे एवढेच की दिवसा जिथे काम चालते तिथे रात्री माणसे झोपत होती. ही काही गुप्त बातमी नसते. समोरच्या चहावाल्याला ती ठाऊक असते, रात्रपाळीच्या वॉचमनला असते, सकाळी दूध टाकणाऱ्याला असते. जवळच्या अग्निशमन केंद्राला मात्र बहुतेक वेळा ती आग लागल्यावरच कळते. याचा दोष केंद्रातल्या जवानांच्या आळसाला देता येणार नाही. हे आधी माहीत करून घेणे हे आपले काम आहे, असे त्यांना कुणी ठामपणे सांगितलेलेच नाही.

अग्निशमन केंद्राचे पहिले काम आपला इलाखा जाणून घेणे हे आहे, आणि बंब घेऊन धावणे हे त्यानंतरचे, असे माझे म्हणणे आहे. आगीच्या धोक्याचा अंदाज बांधायचा तर तीन गोष्टी विचाराव्या लागतात: इथे पेटण्यासारखे काय आहे, पेटल्यावर ते कुठवर पसरेल, आणि त्या वेळी आत कोण असेल व त्याला बाहेर पडता येईल का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नकाशा आणि मालाच्या यादीवरून बऱ्यापैकी देता येतात. तिसऱ्याचे उत्तर तासातासाला बदलते. राष्ट्रीय इमारत संहितेत इमारतींचे निवासी, शैक्षणिक, व्यापारी, औद्योगिक असे नऊ गट केलेले आहेत आणि कोणती साधने कुठे हवीत हे त्या गटावरून ठरते. पण फरसाणाचा गाळा सकाळी दहाला औद्योगिक असतो आणि रात्री दोनला वसतिगृह. लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या तळघरात मंडपाचे कापड रचले जाते, दिवाळीच्या तोंडावर स्टेशनरीच्या दुकानात फटाके येतात, गणपतीत गल्लीचे तोंड मंडपाने अडते आणि बंबाला आत वळायला जागा उरत नाही. मुख्यालयातल्या फायलीला हे कधीच दिसणार नाही. ते दिसते त्या रस्त्यावरून रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला, आणि शहरात गणवेश घालून असे येणारे-जाणारे लोक म्हणजे पोलीस चौकीतले आणि अग्निशमन केंद्रातले.

बंबाच्या वेगावर विसंबून का चालत नाही, याचे गणित सोपे आहे. अग्निशमनविषयक स्थायी सल्लागार समितीने शहरी भागासाठी घटनास्थळी पोचण्याचा निकष पाच ते सात मिनिटांचा ठेवला आहे. पण हे घड्याळ सुरू होते ते वर्दी मिळाल्यावर. त्याआधी आग कुणाच्या तरी लक्षात यावी लागते, त्याने गोंधळून आधी शेजाऱ्याला हाक मारलेली असते, मग फोन. पोचल्यावर होज पाईप पसरायचा, जिने चढायचे. दरम्यान खोलीत काय चालू असते? अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत जुन्या पद्धतीचे लाकडी-सुती सामान असलेली खोली आणि आजच्या फोम-पॉलिस्टरच्या सामानाची खोली शेजारीशेजारी पेटवून पाहिल्या आहेत. पहिलीतले सगळे सामान एकदम भडकायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. दुसरी पाच मिनिटांच्या आत संपूर्ण पेटली. साड्यांचे दुकान, टॉवेलचा कारखाना, सोफ्याची गोदामे ही सगळी दुसऱ्या खोलीची भावंडे आहेत. शिवाय माणसे जळून मरण्याआधी बहुधा धुराने मरतात. तेव्हा निकष काटेकोर पाळणारे केंद्रसुद्धा झोपलेल्या माणसापर्यंत वेळेत पोचेलच असे नाही. त्याला वाचवू शकणारी गोष्ट आग लागण्याआधी तिथे असावी लागते: आतून किल्लीशिवाय उघडणारे दार, पोटमाळ्याऐवजी दाराजवळ अंथरलेली पथारी, बॅटरीवर चालणारा धुराचा भोंगा.

कायदा आहे ना, असे कुणी म्हणेल. आहे, आणि त्यामागचा विचार वाईट नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006चा. तो 2008पासून लागू झाला. आग प्रतिबंधक साधने बसवण्याची आणि चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून साधने चालू असल्याचे प्रमाणपत्र घेऊन सादर करायला सांगितले. पण या व्यवस्थेतली गोम तिच्या रचनेतच आहे. तपासणारी एजन्सी मालक निवडतो, तिचे बिलही मालकच भरतो. आणि प्रमाणपत्र बोलते ते साधनांविषयी, त्यांच्याशी माणसे कशी वागतात याविषयी नव्हे. कुठल्याही मध्यम उंचीच्या सोसायटीत जाऊन पाहावे. पंप उत्तम स्थितीत असतो, पण मध्येच सुरू होऊन पाणी गळते म्हणून पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर नेऊन ठेवलेला असतो. चोरीच्या भीतीने गच्चीच्या दाराला कुलूप असते आणि किल्ली सेक्रेटरीच्या घरी. जिन्यात चपलांची कपाटे, जुनी सायकल, कुणाचा तरी बांधून ठेवलेला गालिचा. विजेच्या डक्टमध्ये झाडू-बादल्या, मीटर रूममध्ये रंगाचे उरलेले डबे. जुलैचे प्रमाणपत्र या सगळ्यासकट खरे असू शकते. केंद्राच्या वाट्याला येतो तो हा कागद, आणि कागद जमा झाला की काम झाले अशी सगळ्यांचीच सोय होते.

साकीनाक्यानंतर अकराच दिवसांनी, 29 डिसेंबर 2017ला मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरची उपाहारगृहे पेटली आणि 14 जण मेले. त्यातले बरेच जण बाहेरची वाट न सापडल्याने स्वच्छतागृहाकडे पळाले आणि तिथेच गुदमरले. लगोलग महापालिकेचे हातोडे निघाले आणि शहरात शेकडो ठिकाणी बेकायदा बांधकामे तोडली गेली. ती बांधकामे एका रात्रीत उभी राहिलेली नव्हती, म्हणजे पाहायचे ठरवले असते तर आदल्या आठवड्यातही दिसली असती. पुढे मुंबईत अग्निसुरक्षेच्या तपासणीसाठी केंद्रांच्या पातळीवर वेगळा कक्ष नेमला गेला, हे चांगलेच झाले. पण त्याचा भर मुख्यतः नियमभंग शोधून नोटीस बजावण्यावर राहिला. नोटीस हे धोका कमी करण्याचे एक साधन आहे, आणि तेही फारसे धारदार नव्हे.

2021 साली हेच रुग्णालयांच्या बाबतीत घडले, आणि अधिक क्रूरपणे. 9 जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात 10 बाळे गेली. 7 बाळांना बाहेर काढता आले. राज्यभरच्या रुग्णालयांचे अग्निसुरक्षा ऑडिट करण्याचे आदेश निघाले. 23 एप्रिलला विरारच्या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात 15 रुग्ण गेले, 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात 11. ऑडिट म्हणजे काय काय बिघडले आहे याची यादी, आणि यादीने आग विझत नाही हे खरेच. पण मला त्याहून मोठी गोष्ट वेगळी वाटते. कोविडच्या त्या महिन्यांत रुग्णालयांतला धोका मुळातून बदलला होता. वातानुकूलन यंत्रे आणि व्हेंटिलेटर दिवसरात्र चालू, जुन्या वायरिंगवर नवा भार, ऑक्सिजनचा प्रचंड वापर, आणि खाटेवर असे रुग्ण की ज्यांना नळी काढल्याशिवाय हलवता येत नाही. इमारत तीच, नकाशा तोच. या विभागात दर महिन्याला जवळच्या केंद्राचा एखादा अधिकारी येऊन तासभर बसला असता तर त्याने यंत्रांआधी परिचारिकेला प्रश्न विचारले असते: रात्री किती जणी असता, ऑक्सिजनचा वॉल्व्ह कुठे आहे आणि तो बंद करायचा अधिकार कुणाला, धूर झाला तर पहिली खाट कोणती हलवाल, ती या दारातून जाते का. दोन परिचारिकांना दहा बाळे एका खेपेत उचलता येत नाहीत, हे कळायला ऑडिटची गरज नाही. कुणीतरी तिथे उभे राहून मोजायला हवे.

आग लागण्याआधीच धोका जाणून घेण्याचा हा विचार दुसऱ्या एका देशाने कायद्यात आणला आहे आणि त्याचे फळ व मर्यादा दोन्ही तिथे पाहता येतात. ब्रिटनमध्ये 2004पर्यंत बंब किती मिनिटांत पोचावेत हे इमारतींच्या दाटीवरून ठरत असे. शहरांच्या मध्यवर्ती व्यापारी भागाला सर्वांत जलद सेवा, उपनगरांतल्या वस्त्यांना सावकाश. म्हणजे रात्री रिकाम्या पडणाऱ्या कचेऱ्यांच्या रक्षणाला जास्त बंब, आणि माणसे प्रत्यक्षात जिथे मरत होती त्या घरांना कमी. 2002च्या बेन समितीने यावर बोट ठेवले. 2004च्या कायद्याने आग लागू नये म्हणून प्रयत्न करणे हे अग्निशमन यंत्रणेचे कायदेशीर कर्तव्य ठरले आणि प्रत्येक यंत्रणेने आपल्या भागातल्या धोक्यांचा आराखडा लोकांपुढे ठेवणे बंधनकारक झाले. लिव्हरपूलच्या मर्सीसाइड परिसरात तर जवान त्याआधीपासूनच घरोघर जाऊन धुराचे भोंगे बसवत होते. एकटे राहणारे म्हातारे, अंथरुणात सिगारेट ओढणारे, घरभर रद्दी साठवणारे लोक कोण, हे ते हळूहळू जाणून घेत गेले. 1979च्या सुमारास ब्रिटनमध्ये वर्षाला हजाराच्या आसपास माणसे आगीत मरत. आता हा आकडा तीन-चारशेच्या घरात आला आहे. याचे सगळे श्रेय घरभेटींना देणे अप्रामाणिक होईल. 1988मध्ये तिथे सोफ्या-गाद्यांच्या फोमवर कडक नियम आले, धूम्रपान घटले, आणि 2004च्या पुष्कळ आधी भोंगे घरोघर पोचू लागले होते. पण यातली एकही गोष्ट वेगवान बंबामुळे घडलेली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

मर्यादाही तिथेच दिसते. 14 जून 2017ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 72 माणसे मेली. मोठ्या इमारतींची माहिती आधीच गोळा करून ठेवणे हे लंडनच्या दलाचे कर्तव्यच होते, आणि या टॉवरची नोंदही त्यांच्याकडे होती. चौकशीत आढळले की त्या नोंदीत उपयोगाची माहिती जवळपास नव्हतीच, आणि होती त्यातली काही शिळी किंवा चुकीची होती. धोक्याची नोंद ठेवणे हाही एक कारकुनी उपचार होऊ शकतो. आपल्याकडे तर तो होण्याची शक्यता दुप्पट, कारण रकाने भरण्यात आपला हात कुणी धरणार नाही. म्हणून केंद्रात नोंदवही असावी एवढे म्हणून भागत नाही. ज्या पाळीचे जवान त्या इमारतीत शिरणार, त्यांनीच ती पाहिलेली असावी. काळबादेवीत 9 मे 2015ला गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटून कोसळली आणि मुंबई दलाचे तत्कालीन प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा जीव गेला. लाकडी तुळयांच्या जुन्या इमारती किती वेळ तग धरतील, कोणत्या मजल्यावर किती वजनाचा माल रचला आहे, डोंबिवलीच्या कोणत्या भूखंडावर कोणते रसायन आहे, या माहितीवर रहिवाशांइतकाच आत शिरणाऱ्या जवानांचाही जीव टांगलेला असतो.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत खरा आक्षेप मनुष्यबळाचा. पदे रिक्त आहेत, आहेत त्या जवानांना झाडे पडणे, लिफ्ट अडकणे, मांज्यात अडकलेले पक्षी सोडवणे अशी शंभर कामे आहेत, त्यात हे घरोघर फिरणे कुठून बसवायचे? याला ‘दोन वर्द्यांच्या मधल्या वेळात’ असे उत्तर देणारे लोक केंद्रात राहून आलेले नसतात. त्या वेळात कवायत असते, साधनांची देखभाल असते, विश्रांतीही असते आणि ती हवीच. वेगळी माणसे नेमावी लागतील, हे सरळ कबूल करावे. पण ती सगळी जवानच असायला हवीत असे नाही. स्वयंपाकघरातला धोका समजावायला बचत गटातली एखादी शिकवून तयार केलेली बाई जवानापेक्षा अधिक उपयोगाची ठरेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत आगीतल्या निम्म्याहून अधिक मृत्यू राहत्या घरांतले असतात, आणि त्या घरांत गणवेशातल्या पुरुषाला उंबऱ्याच्या आत घेतले जाईलच असे नाही. शिवाय सगळीकडे फिरायचेही नाही. धोक्याचे मोजमाप करण्याचा फायदाच हा की कुठे जायचे नाही ते कळते. नव्या टॉवरच्या तीस मजल्यांपेक्षा खैरानी रोडचे तीस गाळे आधी पाहावेत.

दुसरा आक्षेप असा की तपासणी म्हणजे हप्ता. तो हसून उडवण्यासारखा नाही. तपासणी एजन्सीकडे सोपवण्यामागे हीही भीती होतीच. उत्तर माझ्या मते अधिकार वेगळे करण्यात आहे. जो सल्ला द्यायला येतो त्याच्या हाती दंडाचे पुस्तक असू नये, आणि जो दंड करतो त्याला सल्ल्याच्या भेटीत पाहिलेले सहजासहजी मिळू नये. जिवाला तात्काळ धोका असेल तेवढाच अपवाद. हे न केल्यास आणखी वाईट घडते. गाळ्यात झोपणारे कामगार दिसले की नोटीस, हे एकदा ठरले की मालक त्यांना झोपायला मनाई करत नाही. तो शटर खाली ओढून बाहेरून कुलूप लावतो. त्या कामगाराला मुंबईत दुसरीकडे झोपायला जागा नाही, त्याच्या पगारात ती बसत नाही. बंदीने धोका वाढतो तो असा. केंद्राने तिथे जाऊन म्हणायला हवे: झोपता हे आम्हाला माहीत आहे, आता दार आतून उघडेल असे करा, तेलाचे डबे आणि सिलिंडर रात्री या टोकाला नको, पोटमाळ्यावर नको, आणि हा भोंगा इथे लावा.

यावर लगेच तिसरा आक्षेप येतो, की हे तर बेकायदा गोष्टीला मान्यता देणे झाले. झोपडपट्ट्यांच्या बाबतीत हा युक्तिवाद फार जोरात होतो. 7 डिसेंबर 2015ला कांदिवलीच्या दामूनगरात एकामागोमाग सिलिंडर फुटत गेले आणि शेकडो झोपड्यांची राख झाली. तेव्हा दलाने झोपडीचा पुरावा विचारून पाणी मारले नव्हते. आग लागल्यावर जी वस्ती आपली असते, ती आग लागण्याआधीही आपलीच धरायला हवी. अग्निशमन ही संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत गणलेली सेवा आहे. जागेची मालकी ठरवणे दुसऱ्या खात्याचे काम, त्याने ते खुशाल करावे.

या कामाचे मोजमाप कसे करणार, हा प्रश्न लेखापरीक्षक विचारतील. न लागलेली आग दाखवता येत नाही, हे खरे. पण लागलेल्या आगी दाखवता येतात: किती आगी पहिल्या खोलीतच आटोपल्या, किती ठिकाणी दल पोचण्याआधी माणसे स्वतःहून बाहेर आली होती, कोणत्या गल्लीतून त्याच कारणाची वर्दी पुन्हा पुन्हा येते. आज आपण मोजतो ते बंब, टँकर आणि शिड्या. 90 मीटरची शिडी आली की फोटो निघतो. खैरानी रोडच्या अमुक गाळ्यात आता दार आतून उघडते, याचा फोटो कोण काढणार? आपण 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो तो 1944च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या 66 जवानांच्या स्मरणार्थ. त्यांच्या धैर्यापुढे मान झुकवावीच. पण त्या दिवसाची दुसरी बाजू आपण क्वचितच बोलतो. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटात शेकडो टन स्फोटकांच्या सोबत कापसाच्या हजारो गाठी भरलेल्या होत्या, स्फोटके असल्याचा लाल बावटाही त्यावर नव्हता. आग दुपारी दिसली, मोठा स्फोट चारच्या सुमारास झाला. धोका मालाच्या कागदांतच लिहिलेला होता. आग विझवायला उतरलेल्या जवानांना तो उमगायला नको तितका उशीर झाला.

एक अडचण उरते आणि मला ती सर्वांत अवघड वाटते. केंद्राने धोका लिहून ठेवला आणि मग तिथेच आग लागली, तर चौकशीत पहिला सापडणार तो लिहिणारा अधिकारी: तुम्हाला माहीत होते, मग काय केले? न लिहिणारा सुरक्षित राहतो. जोवर हे असे आहे तोवर कुठलाही शहाणा अधिकारी वही उघडणार नाही, आणि त्यात त्याला दोष देता येणार नाही. म्हणून 2006च्या अधिनियमात दोन गोष्टी घालाव्या लागतील. प्रत्येक केंद्राने आपल्या इलाख्याचा धोका-आराखडा दरवर्षी करून वॉर्डसभेपुढे मांडणे बंधनकारक असावे, आणि सद्भावनेने केलेल्या नोंदीबद्दल ती करणाऱ्यावर कारवाई होऊ नये. नोंद झाल्यावर पैसे, दुरुस्ती किंवा जागा देण्याचे ज्यांच्या हाती होते त्यांनी काय केले, हा प्रश्न मग पालिका आयुक्तांना, रुग्णालयाच्या अधीक्षकांना आणि गाळ्याच्या मालकाला विचारता येईल. आजच्या चौकशी अहवालांत बंब किती मिनिटांत आले, किती होते आणि पाणी कुठून आणले हे सविस्तर असते. त्या गाळ्यात जवान आधी शेवटचा कधी गेला होता, हे त्यांत क्वचितच सापडते.